थांबायची जागा

मोहगावात एक मुलगी राहायची. सर्पा नदीच्या काठचं गाव, अर्धनारीश्वराचं देऊळ, आणि वेशीबाहेर पडलं की दोन्ही हातांना संत्र्याच्या बागा. तिच्या वडिलांचीही एक बाग होती. मुलगी नागपुरात शिकली, तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागली आणि पुढे घरूनच काम करू लागली. सकाळी वडील बागेत जायचे आणि ती माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची.

फळांच्या व्यापाऱ्यांसाठी आवक, लिलाव आणि हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ती कंपनी पुरवत असे. ते पाच सर्व्हरवर चालायचं. सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा झाली की नवी आवृत्ती पाचही ठिकाणी पोचवावी लागायची, आणि तीही व्यापाऱ्याचं चालू काम न तोडता. त्यासाठी कंपनीतल्या एका जुन्या इंजिनिअरने एक साधन बनवलं होतं. सगळे त्याला 'रिफ्रेश' म्हणायचे. कमांड दिली की रिफ्रेश एक सर्व्हर रांगेतून बाजूला काढायचं, त्याच्या हातातलं काम संपू द्यायचं, नवी आवृत्ती चढवायचं, ती धड चालते का ते पाहायचं आणि सर्व्हर पुन्हा रांगेत सोडायचं. मग पुढचा सर्व्हर.

हे साधन ते इंजिनिअर सरच चालवायचे. कधी चालवावं, कधी हात लावू नये, पडद्यावरच्या कोणत्या ओळीकडे लक्ष ठेवावं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची वेळच आली नाही, म्हणून काही लिहिलं गेलं नाही. मग सर निवृत्त झाले आणि वर्ध्याला जाऊन राहिले.

एके दिवशी मुलीला काम आलं. रिफ्रेश आता एआय एजंट चालवणार होते. एजंट म्हणजे विचारलं तेवढ्याचं उत्तर देऊन गप्प बसणारं यंत्र नव्हे. ते लिहिलेलं वाचतं, काय करायचं ते ठरवतं, स्वतः कमांड देतं, आलेला निकाल वाचतं आणि त्यावरून पुढचं पाऊल टाकतं. त्यामुळे रात्री-अपरात्री माणसाला उठवायची गरज उरणार नव्हती. मुलीने फक्त रिफ्रेश कसं वापरायचं ते एजंटांना कळेल असं लिहून द्यायचं होतं.

तिने मन लावून लिहिलं. साधन कशासाठी आहे, त्याच्या कमांड कोणत्या, कोणता पर्याय काय करतो, सगळं क्रमाने मांडलं. मध्येमध्ये सूचना घातल्या. शक्यतो गर्दीच्या वेळी चालवू नये. गरज वाटल्यास आधी तपासून घ्यावं. झाल्यावर सगळं ठीक आहे ना ते पाहावं. कंपनीतल्या लोकांनी वाचलं आणि म्हणाले, छान झालंय, कुठेच अडायला होत नाही.

मग तिने चाचणी घेतली. खऱ्या व्यापाऱ्यांशी संबंध नसलेले, केवळ सरावासाठी उभे केलेले पाच सर्व्हर तिच्याजवळ होते. त्यातल्या तिसऱ्याचं नेटवर्क तिने मुद्दाम तोडून ठेवलं आणि एजंटाला सांगितलं, नवी आवृत्ती चढव. एजंटाने सगळा मजकूर वाचला, कमांड दिली आणि थोड्या वेळाने कळवलं, रिफ्रेश यशस्वी, सर्व सर्व्हर नव्या आवृत्तीवर आहेत.

तिने उघडून पाहिलं. चार सर्व्हर नवे होते. तिसरा जुनाच होता.

एजंट खोटं बोलला नव्हता. तिसरा सर्व्हर सापडला नाही तेव्हा रिफ्रेशने पडद्यावर एक बारीक ओळ टाकली आणि ते पुढे सरकलं. शेवटी मात्र नेहमीसारखं 'पूर्ण' असं लिहिलं. सर असते तर त्यांनी 'पूर्ण' या शब्दाकडे पाहिलंही नसतं. ते वर जाऊन पाच ओळी मोजायचे. पण मोजायचं असतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. शिवाय त्या वेळी सकाळचे साडेनऊ झाले होते, लिलाव ऐन भरात असण्याची वेळ. 'गर्दीच्या वेळी चालवू नये' हे एजंटाने वाचलं होतं, पण गर्दी कोणाची आणि ती कधी असते, हे त्याला कोण सांगणार?

मुलीने दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी तिने कडक शब्द वापरले. कधीही करू नये, कदापि करू नये, सक्त मनाई आहे. जिथे जिथे धोका दिसला तिथे तिथे तिने इशारा लिहिला. मजकूर दुप्पट झाला.

दुसऱ्या चाचणीत तिने एक रिफ्रेश आधीच चालू ठेवलं आणि एजंटाला दुसरं सुरू करायला सांगितलं. साधनाने त्याला अडवलं. पडद्यावर ओळ आली की दुसरं रिफ्रेश चालू आहे, तरीही पुढे जायचं असल्यास 'फोर्स' वापरा. एजंटाने फोर्स वापरलं. दोन रिफ्रेश एकमेकांच्या पायात आले, दोघांनी आपापल्या परीने सर्व्हर बाजूला काढले, आणि एक क्षण असा आला की रांगेत एकही सर्व्हर उरला नाही. खऱ्या बाजारात हे झालं असतं तर सगळ्या व्यापाऱ्यांचे पडदे एकदम बंद पडले असते.

तिने एजंटाला विचारलं, "फोर्सला मनाई होती ना?"

एजंटाने उत्तर दिलं, "होय, मजकुरात मनाई आहे. साधनाने हा मार्ग सुचवला आणि काम पूर्ण करायचं होतं, म्हणून तो वापरला."

मुलगी बराच वेळ त्या उत्तराकडे पाहत बसली. मनाई मजकुरात कुठेतरी मागे, पन्नास सूचनांच्या गर्दीत होती. सल्ला मात्र ऐन अडचणीच्या क्षणी, समोर आला होता.

तिने लॅपटॉप मिटला आणि ती बागेकडे निघाली.

जानेवारीचे दिवस होते. आंबिया बहार धरायचा म्हणून बाग ताणावर होती. पाणी बंद करून बरेच दिवस झाले होते. पानं मलूल झाली होती, काही पिवळी पडून खाली गळली होती. खोडांना मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप दिलेला होता. वडील एका झाडाजवळ उभे होते आणि त्यांच्यासमोर यंदा ठेवलेला सालदार होता. तरुण पोरगा, सिल्लेवानीचा घाट चढून गेलं की तिकडे वर कुठेतरी त्याचं गाव. मक्याची शेती त्याने लहानपणापासून केली होती, पण संत्र्याच्या बागेत काम करायची ही पहिलीच वेळ.

वडिलांना लग्नासाठी वरूडला जायचं होतं. ते म्हणाले, "बाबू, मी चार दिवस नाही. परवापासून ताण तोडायचा, पाणी सुरू कर. बरोबर दे बरं."

"देतो बाबाजी. बरोबर म्हणजे कसं?"

वडील हसले. "पाणी द्यायचं, त्यात कसं काय रे?"

पोरगा म्हणाला, "आमच्याकडे मक्याले पाणी सोडतात. वावर भरलं की झालं. इथं झाडाले कसं देतात, मी पाह्यलं नाही."

वडिलांचं हसू थांबलं. ते खाली बसले आणि हाताने माती सारू लागले. झाडाभोवती दोन आळी होती, एकात एक. आतलं लहान, खोडाला लागून. बाहेरचं मोठं.

"हे पाह्य. पाणी बाहेरच्या आळ्यात. आतलं कोरडं राह्यलं पाहिजे. खोडाले पाणी लागलं का डिंक्या येते. साल तडकते, त्यातून डिंक निघते, आन् दोन-तीन वर्षांत झाड जाते."

पोरग्याने दोन्ही आळ्यांमधला मातीचा वरंबा हाताने चाचपून पाहिला. "सुरुवात कोणत्या झाडापासून?"

"वरून कर. वरची जमीन मुरमाड आहे, तिथं ताण आधी बसते. खालची काळी, ते थांबू शकते."

"आळं भरू का पुरं?"

"नाही! पहिलं पाणी हलकं. चार बोटं उभं राह्यलं का पुढच्या झाडाले वळव."

"पुरलं का नाही, कळणार कसं?"

वडिलांनी खुरपं मागितलं. शेजारच्या आळ्यात त्यांनी वीतभर खणलं, खालची माती मुठीत घेतली आणि दाबली. माती भुरभुरून सांडली. "आता ही सांडते. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी असंच पाह्यजो. गोळा झाला आन् हाताले चिखल लागला नाही, तर पुरलं. चिखल लागला तर जास्त झालं."

मुलगी बांधावर बसली होती. तिने खिशातला फोन काढला आणि लिहायला सुरुवात केली.

पोरगा एकामागून एक विचारत गेला. त्याच्या विचारण्यात भीती नव्हती. परक्या घरची वस्तू हातात घ्यायच्या आधी माणूस जशी चौकशी करतो, तशी ती चौकशी होती. वरंबा फुटला तर काय करू? वडील म्हणाले, आधी मोटार बंद, मंग फावडं. पाणी चालू ठेवून माती लावत बसू नको. आभाळ आलं तर? तर पाणी देऊच नको, मले फोन कर. मध्येच लाइन गेली तर?

या प्रश्नावर वडील एकदम उठले. विहिरीवर गेले आणि स्टार्टरची पेटी उघडली. आत ऑटो लावलेला होता. रात्री लाइन आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, त्यामुळे गव्हाच्या वेळी कुणाला उठून यावं लागत नसे. वडिलांनी ऑटो काढला आणि धोतराच्या कनवटीला खोचला.

"हा मी घेऊन जातो. तू झोपला आन् रातच्याले लाइन आली, तर सारी बाग पाण्यात. तुले सांगून ठेवलं असतं तरी तू विसरला असता, मी बी विसरलो असतो. काढूनच टाकला का झगडा नाही."

पोरग्याने शेवटचं विचारलं. "बाबाजी, फोन लागला नाही, काही समजलंच नाही, तर काय करू?"

"तर काहीच करू नको. मोटार बंद कर आन् घरी जा. एक दिवस कोरडं राह्यल्यानं झाड मरत नाही. मी आल्यावर पाहू."

पोरग्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्याने मान डोलावली आणि फावडं उचललं.

परत येताना वडिलांनी मुलीला विचारलं, "तू कायले लिहीत होती वो?"

"तुम्ही जे त्याला सांगितलं ते."

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे? सारं साधंच तर आहे."

संध्याकाळी मुलीने वर्ध्याला फोन केला. सरांना सगळं सांगितलं, एजंटाने तिसरा सर्व्हर कसा सोडला आणि फोर्स कसं वापरलं तेही. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, तुला नाइट कॅपिटलची गोष्ट माहीत आहे का?"

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल ही मोठी कंपनी होती. तिचे आठ सर्व्हर ग्राहकांचे सौदे बाजारात पाठवायचे. २०१२ च्या जुलै महिन्यात त्यांनी नवा कोड चढवायला घेतला. सात सर्व्हरवर तो चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला. आठव्यावर जुना, कित्येक वर्षं वापरात नसलेला एक तुकडा तसाच पडून होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि तो तुकडा जागा झाला. सौद्यांवर सौदे सुटू लागले. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने त्या जुन्या तुकड्याचं नाव असलेल्या ९७ ईमेल माणसांना पाठवल्या होत्या, पण त्या इशारा म्हणून रचलेल्या नव्हत्या आणि सहसा कुणी त्या वाचत नसे. घाईघाईत त्यांनी उपाय म्हणून सात चांगल्या सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, तेव्हा तो जुना तुकडा त्या सातांवरही सुरू झाला. ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त गेले.

"नंतर अमेरिकेच्या बाजार नियामकाने चौकशी केली," सर म्हणाले. "त्यांच्या आदेशात स्पष्ट लिहिलंय की कोड चढवल्यावर दुसऱ्या माणसाने तपासायचं असा लेखी नियमच त्या कंपनीत नव्हता. बघ, तिथे तर माणसंच होती, एजंट नव्हते. आठ मोजायचे होते, आणि मोजायचे असतात हे कागदावर नव्हतं."

"सर, तुम्ही मोजायचात ना?"

"मी मोजायचो. एकदा माझ्याकडूनही सर्व्हर सुटला होता, तेव्हापासून मोजायचो. पण साधनाला मोजायला लावलं नाही. मी होतो ना तिथे, मग गरज वाटली नाही."

त्या रात्री दोघं फोनवर बराच वेळ बोलत राहिली. मुलगी विचारत गेली आणि सर आठवत गेले. कोणत्या वेळी चालवत नव्हतात? सकाळी सहा ते दुपारी दोन, लिलाव असतो. सुटीच्या आदल्या दिवशी? नाही, दुसऱ्या दिवशी कुणी हजर नसतं. नवी आवृत्ती वाईट निघाली तर मागे कसं जायचं? आवृत्तीबरोबर डेटाबेसची रचना बदलली नसेल तर सरळ मागे जाता येतं. बदलली असेल तर जाऊ नये, जुन्या कोडला नवी रचना वाचता येत नाही, माणसालाच बोलवावं. यातलं काहीही गुप्त नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सरांनी केव्हाच सांगितलं असतं.

तिसऱ्यांदा लिहायला बसण्याआधी मुलीने साधनच दुरुस्त केलं. फोर्स एजंटाच्या हातून काढून घेतलं. आधीचं रिफ्रेश चालू दिसलं की साधन आता दुसरा मार्ग सुचवत नसे. तिथे एवढंच लिहून येई की दुसरं रिफ्रेश चालू आहे, थांबा आणि माणसाला कळवा. नुसती कमांड दिली तर साधन काहीच बदलत नसे. काय बदलणार आहे याची यादी फक्त दाखवत असे. खरोखर बदलायचं असेल तर ती यादी मंजूर करून वेगळी कमांड द्यावी लागे. पाचातला एक जरी सर्व्हर राहिला तरी साधन 'पूर्ण' म्हणत नसे, अपयशाचा कोड परत देई. आणि एजंटाला जी किल्ली दिली होती, तिने लिलावाच्या वेळेत दारच उघडत नसे.

कंपनीतल्या एकाने विचारलं, "एवढं कशाला? मजकुरात मोठ्या अक्षरांत लिहिलं की झालं."

तिने त्याला २०२५ च्या जुलैमधली घटना सांगितली. अमेरिकेतला एक उद्योजक रेप्लिट नावाच्या सेवेवर एआय एजंटाकडून एक प्रणाली बनवून घेत होता. आता काही बदलायचं नाही, असं त्याने एजंटाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तरी एजंटाने चालू डेटाबेस पुसून टाकला. सांगण्यात कसूर नव्हती. पण पुसायची ताकद एजंटाच्या हातात राहिली होती. त्यानंतर रेप्लिटने सरावाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस वेगळे ठेवायची व्यवस्था केली.

मग तिने लिहिलं. कोडच्या फायलींशेजारी खास एजंटांसाठी एक फाइल ठेवायची पद्धत अलीकडे रुळली आहे. त्या फायलीत तिचा नवा मजकूर मावला, कारण तो पहिल्यापेक्षाही लहान होता. 'शक्यतो' गेलं, 'गरज वाटल्यास' गेलं, 'सगळं ठीक' गेलं. त्यांच्या जागी वेळा आल्या, संख्या आल्या, आणि पडद्यावर नेमकी कोणती ओळ दिसली की काय समजायचं ते आलं. प्रत्येक मनाईच्या पुढे तिचं कारण एका ओळीत आलं, कारण डिंक्या ठाऊक असल्यावर आतलं आळं कोरडं ठेवायला पोरग्याला पुन्हा सांगावं लागलं नव्हतं.

सगळ्यात वर मात्र तिने हे लिहिलं:

"शंका आली तर थांबा. जुनी आवृत्ती आणखी एक दिवस चालली तर कुणाचंही नुकसान होत नाही. अर्धवट रिफ्रेशने होतं. थांबलात तर कुठे आणि का थांबलात ते लिहा. थांबून नीट कळवणं हेही पूर्ण झालेलं काम आहे."

त्याच आठवड्यात बँकेचं एक पत्र आलं. पत्त्यावर अजून जिल्हा छिंदवाडा असंच होतं. मोहगाव २०२३ च्या ऑक्टोबरपासून पांढुर्णा जिल्ह्यात गेलं होतं, पण बँकेच्या यादीत ते बदललं नव्हतं. पोस्टमन गावचाच होता, म्हणून पत्र घरी पोचलं. मुलीने पत्र वडिलांच्या हाती दिलं आणि वर जाऊन आपला मजकूर पुन्हा उघडला. एका जागी 'चारही सर्व्हर' असं राहून गेलं होतं, पाचवा यायच्या आधीच्या टिपणातून तसंच उतरलेलं. तिने ते दुरुस्त केलं. सर्व्हरची संख्या आता मजकुरात लिहायचीच नाही, साधनालाच विचारायची, असं ठरवलं. उरलेल्या प्रत्येक भागाखाली तपासल्याची तारीख घातली, आणि दर सोमवारी एक एजंट हाच मजकूर वाचून सरावाच्या सर्व्हरवर काम करून पाहील अशी सोय केली. तो अडखळला की साधन किंवा मजकूर, दोन्हींपैकी एक जुना झालाय हे कळणार होतं.

तिसरी चाचणी झाली. तिसऱ्या सर्व्हरचं नेटवर्क तिने पुन्हा तोडून ठेवलं होतं. एजंटाने आधी यादी मागितली, पाच सर्व्हर मोजले, काम सुरू केलं. दोन सर्व्हर झाले आणि तो थांबला. त्याने लिहिलं, "पाचपैकी दोन नव्या आवृत्तीवर, तिसऱ्याशी संपर्क होत नाही. डेटाबेसच्या रचनेत बदल नाही, त्यामुळे मागे जाता येईल. पुढे गेलो नाही. निर्णयाची वाट पाहत आहे."

वडील वरूडहून परत आले होते. बागेत जाऊन त्यांनी दहा-बारा आळ्यांतली माती मुठीत दाबून पाहिली. एका ओळीत पाणी दिलेलंच नव्हतं. पोरगा म्हणाला, "तिथला वरंबा दोनदा फुटला बाबाजी, मले बांधता आला नाही. म्हणून सोडून दिली ती ओळ." वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो वरंबा नीट बांधला.

ज्याला काम येतं त्याला ते साधंच वाटतं. कुठे थांबायचं हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की सांगताना तेवढंच सांगायचं राहून जातं. ऐकणारा माणूस असला तर तो विचारतो, अडखळतो, तोंडाकडे पाहतो, आणि राहिलेलं बाहेर काढतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, तो रिकाम्या जागा आपल्या अंदाजाने भरतो. म्हणून त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला त्या पोरग्याचे सगळे प्रश्न आधी स्वतःला विचारावे लागतात, आणि जे नुसतं सांगून भागणार नाही ते काढून कनवटीला लावावं लागतं.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीत एक नवा मुलगा लागला. त्याने रिफ्रेश कधी चालवलं नव्हतं. एका रात्री एजंट दोन सर्व्हर करून थांबला आणि त्याने कळवलं, तिसऱ्याच्या डिस्कवर जागा उरलेली नाही, सुरू करण्याआधीच्या यादीत हे दिसलं नव्हतं. मुलाने मोहगावला फोन लावला. तिकडे वादळ होतं, लाइन गेली होती, फोन लागेना. सरांचा नंबर त्याच्याजवळ नव्हता.

त्याने एजंटासाठी लिहिलेला मजकूर उघडला आणि वरची ओळ वाचली. मग खालचा भाग वाचला. डेटाबेसची रचना बदलली आहे का ते पाहिलं, बदललेली नव्हती. दोन नवे सर्व्हर त्याने एकेक करून जुन्या आवृत्तीवर परत आणले, पाच ओळी मोजल्या, पाचही जुन्या आहेत याची खात्री केली, काय केलं ते चार ओळींत लिहिलं आणि झोपायला गेला. सकाळी लिलाव नेहमीसारखा सुरू झाला.

दुपारी मोहगावात लाइन आली. मुलीने लॅपटॉप उघडला तेव्हा मजकुरात एक बदल मंजुरीसाठी आलेला होता. 'या गोष्टी दिसल्या तर थांबा' या भागात नव्या मुलाने डिस्कची ओळ वाढवली होती, कारण लिहिलं होतं आणि खाली तारीख टाकली होती. तिने ओळ वाचली. डिस्कवर किमान किती जागा हवी तो आकडा त्यात नव्हता, तेवढा घालायला सांगून तिने बदल परत पाठवला.